अध्यापकाचे ऋण

मराठीत ‘शिकणे’ या क्रियापदापासून ‘शिकविणे’ हे प्रयोजक रूप झाले आहे. बसणे-बसविणे, हसणे-हसविणे, निजणे-निजविणे यांच्याच पंक्तीत ते बसते. कोंकणीतही ‘शिकप’ आणि ‘शिकोवप’ यांचे नाते हेच; आणि संस्कृतात अध्ययनाचे प्रयोजक ते अध्यापन. आई जेव्हा ‘बाळाला निजविले’ असे म्हणते तेव्हा बाळ निजलेले असते. बाळ पाळण्यात टक्क जागे असताना तिने असे म्हटले, तर शेजारीण हसल्यावाचून राहणार नाही. परंतु ‘आम्ही शिकविले, मुलेच शिकली नाहीत’ हे वाक्य मात्र अध्यापकांच्या खोलीत नित्य उच्चारले जाते आणि त्यावर कोणीही हसत नाही. भाषेच्या दृष्टीने हे वाक्य जितके विचित्र आहे, तितकेच ते नीतीच्या दृष्टीनेही तपासून पाहण्यासारखे आहे. मुलाला कळले नाही, तर शिकविणे घडले काय? आणि घडले नसेल, तर त्याचा दोष कोणाकडे जातो?

हा प्रश्न सर्वच अध्यापकांचा असला, तरी जो नुकताच फळ्यासमोर उभा राहू लागला आहे अशा छात्राध्यापकाला तो अधिक टोचतो. अनुभवी शिक्षकाजवळ सवयीचे कवच असते. नवख्याजवळ ते नसते. म्हणून आम्ही हा विचार त्याच्या निमित्ताने, आणि तोही एका विशिष्ट गावाच्या संदर्भात मांडणार आहोत. ते गाव म्हणजे दमणगंगेच्या काठचे सिल्वासा. गुजराती मंडळी त्यास सेलवास म्हणतात.

आमच्या वाचकांस या गावाचे नाव परके नाही. नगर हवेली १७८३ मध्ये आणि दादरा १७८५ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले, आणि पावणेदोनशे वर्षांच्या आतबाहेर त्यांची सत्ता तेथे टिकली. १९५४ च्या जुलै महिन्यात दादरा मुक्त झाले आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासाही. त्या लढ्यात गोमंतकीय कार्यकर्ते होते, महाराष्ट्रातील तरुण होते, आणि ज्यांच्या सुरांनी मराठी घरे भारली ते सुधीर फडकेही होते. पुढे सात वर्षे वरिष्ठ पंचायतीने कारभार पाहिला. ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश रीतसर भारतीय संघराज्यात आला, आणि २६ जानेवारी २०२० पासून दमण व दीव यांच्यासह तो एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे. भूमीच्या मुक्ततेचा इतिहास असा तारखांनी सांगता येतो. मनाच्या मुक्ततेचा तसा सांगता येत नाही. ती प्रत्येक मुलाच्या बाबतीत नव्याने आणि बहुधा एखाद्या लहानशा वर्गात घडावी लागते.

त्या वर्गात कोण बसते ते पाहावे. दादरा व नगर हवेलीच्या लोकसंख्येत निम्म्याहून अधिक आदिवासी आहेत: वारली, कोकणा, धोडिया, काथोडी आणि इतर. खानवेल, मांदोणीकडच्या डोंगराळ भागात त्यांची वस्ती दाट आहे. खुद्द सिल्वासात आणि भोवतालच्या औद्योगिक वसाहतींत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आलेल्या कामगारांची कुटुंबे आहेत. जुन्या व्यापारी आणि शेतकरी घरांत गुजराती आहे, काही घरांत मराठी आहे. शाळेची भाषा मात्र ठरलेली असते: कोठे गुजराती, कोठे मराठी, कोठे हिंदी, कोठे इंग्रजी. मूल कोणत्याही घरातून आलेले असो, उंबरठा ओलांडताच त्याला त्या एका भाषेत प्रवेश करावा लागतो. वारली बोलीचे उदाहरण बोलके आहे. अनेक अभ्यासक तिला मराठी-कोंकणीच्या कुळात धरतात, जनगणनेची कोष्टके तिला भिलीच्या गटात मोजतात, आणि गुजरातीची छाया तिच्यावर पडलेली आहेच. विद्वानांचा हा वाद मिटेल तेव्हा मिटो. सहा वर्षांच्या वारली मुलीला एवढेच ठाऊक असते की आजी जे बोलते ते शाळेत कोणी बोलत नाही.

या अनुभवाची कल्पना करणे आमच्या वाचकांस कठीण जाऊ नये. त्यांच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी कोंकणी, शाळेत मराठी आणि देवळाच्या गाभाऱ्यात संस्कृत अशी तीन भाषांची वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. घरी ‘उदक’ मागणारे मूल शाळेत गेले आणि पुस्तकात ‘पाणी’ वाचू लागले. त्या दोन शब्दांमधली वाट त्याने कोणाच्या तरी बोटाला धरून ओलांडली. ज्याला असे बोट मिळाले त्याला दोन्ही भाषा लाभल्या. ज्याच्या तोंडचे ‘उदक’ ऐकून वर्ग खो-खो हसला, तो पुढे कितीतरी दिवस तोंड उघडण्यापूर्वी विचार करू लागला. भाषेच्या सक्तीचा याहून कठोर अनुभवही गोमंतकाला आहे. १६८४ मध्ये पोर्तुगीज राजप्रतिनिधीने कोंकणी सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागण्याचा हुकूम काढला होता. हुकूम काढणारे गेले आणि कोंकणी राहिली. पण हुकुमाने जे साधले नाही ते उपहासाने साधू शकते, कारण हुकूम बाहेरून येतो आणि उपहास आत जाऊन बसतो.

आता छात्राध्यापकाकडे वळू. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीने दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत घालविण्याची तरतूद केली. पूर्वीच्या मोजक्या सराव पाठांच्या मानाने ही मोठीच सुधारणा होय. तथापि पाठाचे मूळ दृश्य फारसे बदललेले नाही. टेबलावर पाठाचे टाचण असते. त्यात उद्दिष्टे, साधने, प्रश्न आणि अपेक्षित उत्तरे लिहिलेली असतात. वर्गाच्या मागच्या बाजूस निरीक्षक बसलेले असतात. त्यांच्या हातात गुणपत्रिका असते. छात्राध्यापक बोलू लागतो आणि त्याची नजर चाळीस डोक्यांवरून उडत जाऊन मागच्या भिंतीशी थांबते. ज्याच्या हाती आपले गुण त्याच्याशी आपण बोलतो, हा मनुष्यस्वभाव आहे. त्यामुळे तो अगदी शुद्ध भाषेत, ठरलेल्या वेळात, एकही मुद्दा न गाळता पाठ पुरा करतो, आणि पाठ उत्तम झाला असा शेराही मिळतो. मध्ये बसलेल्या चाळीस मुलांना मात्र आपण कोणत्या प्रसंगाचे साक्षीदार आहोत हे कळलेले नसते.

येथे एक नैतिक प्रश्न दडलेला आहे आणि तो टाळून चालणार नाही. सुतार लाकडावर शिकतो, मूर्तिकार पाषाणावर शिकतो. बिघडलेले लाकूड सरपणात जाते आणि भंगलेला पाषाण बाजूस ठेवता येतो. अध्यापक मात्र मुलांवर शिकतो. मग मुले ही त्याच्या शिक्षणाची साधने ठरतात काय? कोणीतरी कधीतरी पहिला पाठ घेतलाच पाहिजे, नाही तर उद्याचे अध्यापक येणार कोठून, हे उत्तर खरे आहे; पण ते अपुरे आहे. त्याने सराव आवश्यक ठरतो, सराव कोणत्या अटीवर न्याय्य ठरतो हे कळत नाही. आमच्या मते ती अट एकच आहे. पाठ चालू असेल तोवर तो मुलांसाठी असला पाहिजे. अध्यापकाचे शिकणे हे त्याचे आनुषंगिक फळ असावे. नैवेद्य देवासाठी असतो आणि प्रसाद म्हणून आपल्याला मिळतो. स्वतःसाठीच शिजवून देवापुढून नुसते फिरवून आणलेल्या अन्नाला नैवेद्य म्हणण्याची प्रथा आहे खरी, पण तीत भक्ती किती हे ज्याचे त्याला ठाऊक.

यावर एक आक्षेप परंपरेच्या बाजूने येईल आणि तो आम्हांस गंभीर वाटतो. आपल्या प्राचीन परंपरेत शिष्य गुरूकडे जात असे. हातात समिधा घेऊन, नम्र होऊन, तो विद्या मागत असे. जिज्ञासा ही शिष्याची पात्रता होती. गुरूने शिष्याच्या दारी जाऊन ‘बाबा रे, तुला कळले काय’ असे विचारावे, अशी अपेक्षा कोणी केली नाही. मग आजच अध्यापकावर हा भार का घालावा? विद्यार्थ्याचे म्हणून काही कर्तव्य नाही काय?

विद्यार्थ्याचे कर्तव्य आहेच. पण दोन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली ही की, तो समित्पाणी शिष्य स्वेच्छेने आलेला असे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्काच्या कायद्याने सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला शाळेत आणण्याचे दायित्व समाजाने स्वतःवर घेतले आहे. ज्याला आपण बोलावून आणले, त्याच्याकडून ‘तू विद्येची याचना केली पाहिजेस’ अशी अपेक्षा करता येत नाही. तो याचक राहिलेला नाही, तो अतिथी आहे. आणि अतिथीच्या पानात त्याला चावेल आणि पचेल असे वाढणे हा यजमानाचा धर्म होय. त्याच कायद्याने शिक्षणाचे माध्यम शक्य तोवर मुलाची मातृभाषा असावे असे म्हटले आहे, आणि शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. राज्यघटनेच्या ३५० क कलमाने भाषिक अल्पसंख्य मुलांच्या प्राथमिक शिक्षणासाठी मातृभाषेची सोय करण्याची सूचना १९५६ सालीच दिलेली आहे.

दुसरी गोष्ट अशी की, परंपरेविषयीची ही समजूतच एकांगी आहे. उपनिषदांतील गुरू नुसते सांगून मोकळे होत नाहीत. बृहदारण्यकातील प्रजापतीची कथा आठवावी. देव, मनुष्य आणि असुर ही त्याचीच लेकरे त्याच्यापाशी शिकावयास राहिली आणि शेवटी त्यांनी उपदेश मागितला. त्याने तिघांनाही एकच अक्षर सांगितले: ‘द’. देवांनी त्यातून दमन, म्हणजे संयम घेतला. माणसांनी दान घेतले. असुरांनी दया घेतली. या कथेचे तात्पर्य आपण प्रवचनांतून पुष्कळ ऐकतो. परंतु अध्यापकाने तिच्यातील एका लहान तपशिलाकडे पाहावे. अक्षर उच्चारल्यावर प्रजापती प्रत्येकाला विचारतो, कळले काय? आणि श्रोते केवळ होकार देऊन थांबत नाहीत. आपल्याला काय कळले ते सांगतात. ते ऐकून घेतल्यावरच तो मान्यता देतो. साक्षात प्रजापतीलाही जे विचारावेसे वाटले, ते आम्ही गृहीत धरून चालतो.

या कथेत अजून एक मर्म आहे. शब्द एक होता आणि ऐकणारे तीन, म्हणून अर्थही तीन झाले. बोलणाऱ्याच्या तोंडून निघालेला शब्द ऐकणाऱ्याच्या कानी पडेपर्यंत तोच राहत नाही. ऐकणाऱ्याच्या आयुष्याचा रंग त्याला चढतो. सिल्वासाच्या वर्गात ‘जंगल’ हा शब्द उच्चारला, तर वारली मुलाला लाकूडफाटा, पालेभाजी आणि आजोबा आठवतील. कारखान्याच्या चाळीतील मुलाला पाठ्यपुस्तकातील वाघ आठवेल. दोघेही बरोबर आहेत. अध्यापकाने दोघांचे ऐकले तर वर्गाला जंगल दोन बाजूंनी दिसेल. त्याने टाचणातली व्याख्या सांगून पुढचा मुद्दा घेतला, तर दोघांच्याही वहीत एकच वाक्य येईल आणि जंगल कोणालाच दिसणार नाही.

छांदोग्यातील उद्दालक तर आजच्या कोणत्याही अध्यापक विद्यालयात आदर्श म्हणून दाखवावा असा. त्याचा मुलगा श्वेतकेतू बारा वर्षे शिकून, थोडा ताठा घेऊन घरी आला होता. बाप त्याला वडाचे फळ आणावयास लावतो, फोडावयास लावतो, काय दिसते ते विचारतो. मुलगा म्हणतो, बारीक बिया. त्यातली एक फोड. आता काय दिसते? काहीच नाही. त्या ‘काहीच नाही’ मधूनच बाप पुढचा सारा विचार उभा करतो. नंतर पाण्यात मीठ विरघळवून, वरून, मधून आणि तळातून चव घ्यावयास लावतो. ब्रह्मविद्येसारखा सूक्ष्म विषय, आणि साधने कोणती? अंगणातले फळ, घरातले मीठ आणि मुलाची स्वतःची जीभ. ‘मला काहीच दिसत नाही’ हे उत्तर उद्दालकाने चुकीचे मानले नाही. आपल्या वर्गातून ‘काहीच दिसत नाही’ असे खरे बोलणारे मूल किती वेळ उभे राहू शकेल, याचा विचार ज्याने त्याने करावा.

पोथीतले हे उदाहरण फार उंचीवरचे वाटत असेल, तर सिल्वासापासून फार दूर नसलेल्या डहाणूच्या परिसराकडे पाहावे. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेका यांच्यासह बालशिक्षणाचे काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डी येथे आल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. बालवाडी उघडली, पण वस्तीतली गरीब मुले तिच्याकडे येईनात. या ठिकाणी ‘आम्ही शाळा काढली, लोकांनाच किंमत नाही’ असे म्हणून परत फिरण्यास वाव होता. ताराबाईंनी तसे केले नाही. मुले येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात जाईल, असे त्यांनी ठरविले आणि अंगणवाडी जन्मास आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. माँटेसरीची महागडी साधने बाजूस राहिली आणि शिंपले, बिया, पाने, खडे यांनी त्यांची जागा घेतली. ‘अंगणवाडी’ हा शब्द पुढे साऱ्या देशाने उचलला. आज तो सरकारी फलकांवर इतका रुळला आहे की त्यामागे एका शिक्षिकेने मानलेला स्वतःचा दोष आहे, हे आपण विसरून गेलो आहोत. मूल आले नाही म्हणजे आपलेच जाणे राहिले, हा तो भाव होय.

नवख्या अध्यापकाने यातून काय घ्यावे? कुरणशाळा काढणे त्याच्या हाती नाही. त्याच्या हाती एक तासिका आहे. त्या तासिकेपुरते बोलू.

वर्गात ‘समजले का?’ हा प्रश्न सर्वांत अधिक विचारला जातो आणि त्याचे उत्तर सर्वांत कमी विश्वसनीय असते. ‘हो’ हा शब्द एकसुरात आला की अध्यापकाचे समाधान होते. पण तो होकार बहुधा ‘आता सोडा’ याचा सभ्य पर्याय असतो. बाष्पीभवनाचा पाठ घ्या. ‘द्रवाचे वायूत रूपांतर होणे म्हणजे बाष्पीभवन’ हे वाक्य वर्ग तीनदा म्हणेल आणि परीक्षेत लिहीलही. त्याऐवजी ओल्या फडक्याने फळा पुसावा आणि मुलांना नुसते पाहावयास सांगावे. ओल नाहीशी झाली की विचारावे, पाणी गेले कोठे? कोणी म्हणेल वाळले, कोणी म्हणेल सुकले, कोणी घरचा वेगळाच शब्द सांगेल. तो शब्द फळ्यावर लिहावा. ज्या मुलीच्या आजीचा शब्द प्रथमच शाळेच्या फळ्यावर उमटला, तिच्या मनात त्या क्षणी काय होत असेल हे शब्दांत सांगणे कठीण आहे. मग त्याखाली ‘बाष्पीभवन’ लिहावे. शास्त्राचा शब्द आता आकाशातून पडलेला नसतो, ओळखीच्या शब्दाचा हात धरून आलेला असतो.

दुसरी गोष्ट थांबण्याची. अमेरिकेत मेरी बड रो या शिक्षणशास्त्रज्ञ विदुषीने १९७० च्या दशकात अनेक वर्गांची निरीक्षणे केली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एखादा सेकंदच थांबतात, असे तिला आढळले. ही प्रतीक्षा तीन सेकंदांवर नेली, तेव्हा उत्तरे लांब आणि विचारपूर्वक येऊ लागली, न बोलणारी मुले बोलू लागली. तीन सेकंद म्हणजे एक संथ श्वास. जे मूल प्रश्न एका भाषेत ऐकते, विचार दुसरीत करते आणि उत्तर पुन्हा पहिलीत आणते, त्याला तर हा श्वास हवाच. नवख्या अध्यापकास वर्गातील शांतता म्हणजे आपले अपयश वाटते. म्हणून तो ती घाईने स्वतःच्याच शब्दांनी भरून टाकतो. खरे पाहता शांतता दोन प्रकारची असते. एक भीतीची, दुसरी विचाराची. पहिलीत मुलांचे डोळे खाली असतात, दुसरीत ते कोठेतरी दूर लागलेले असतात. हा भेद ओळखू येऊ लागला, की अध्यापकाचे निम्मे शिक्षण झाले.

आपल्या देवळांतून ज्यांनी चांगले कीर्तन ऐकले आहे त्यांना हे सहज पटेल. हरिदास पूर्वरंगात निरूपण करतो, मध्ये नामाचा गजर करवितो आणि उत्तररंगात आख्यान लावतो. ही रचना श्रोत्याच्या मनाचा विचार करूनच झालेली आहे: आधी तत्त्व, मग विसावा आणि सर्वांचा सहभाग, मग त्याच तत्त्वाची कथा. शिवाय अनुभवी हरिदासाची नजर सतत सभेवर असते. मागच्या रांगेतील म्हातारी पेंगू लागली की त्याचा झांजेचा ठेका बदलतो. सभा त्याला काही सांगत नाही, पण तो सभेचे ऐकत असतो. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये नेवाशास गीतेचा अर्थ मराठीत सांगितला, तोही समोर बसलेल्या श्रोत्यांशी बोलत, त्यांची विनवणी करीत, त्यांचे रुसवे काढीत. ज्ञान मराठीत आणले म्हणून ते उणे झाले नाही. उलट मराठीच मोठी झाली. वारली, कोकणा किंवा धोडिया बोलीत एखादी कल्पना समजावून सांगितल्याने शास्त्राचा मान कमी होईल अशी भीती ज्यांना वाटते, त्यांनी सातशे वर्षांपूर्वीचा हा निवाडा पुन्हा आठवावा.

तथापि येथे दोन चकवे आहेत. पहिला चकवा नकलेचा. मुलांच्या जवळ जावयाचे म्हणून त्यांच्या बोलीचे दोन शब्द हेल काढून उच्चारले, की वर्ग हसतो आणि अध्यापकास आपण लोकप्रिय झालो असे वाटते. ते हसणे कोणाला दुखविते हे त्याने पाहिलेले नसते. बोली शिकावयाची तर शिष्य होऊन शिकावी; मुलाला विचारावे, तू मला सांग, तुमच्याकडे याला काय म्हणतात? त्या घटकेपुरते मूल गुरू होते, आणि अध्यापकालाही न कळण्याची चव कळते.

दुसरा चकवा अधिक सूक्ष्म आहे. करुणेपोटी असे म्हणणारे भेटतात की, या मुलांना त्यांच्याच बोलीत राहू द्यावे, प्रमाणभाषेचा भार कशाला? हा विचार दिसतो मायाळू, पण परिणामी निष्ठुर आहे. दवाखान्यातील चिठ्ठी, जमिनीचा कागद, कारखान्यातील सूचना आणि न्यायालयाची नोटीस या मुलीच्या आजीच्या बोलीत येणार नाहीत. त्या भाषांचे दार तिला उघडून दिलेच पाहिजे. ‘उदक’ म्हणणाऱ्या मुलाला ‘पाणी’ शिकविणे हे अध्यापकाचे कामच आहे. ‘उदक’ विसरावयास लावणे हे नव्हे. युनेस्कोने १९५३ मध्ये मातृभाषेतून शिक्षणाचा पुरस्कार केला, २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरला. पण वीस आठवड्यांसाठी आलेला छात्राध्यापक धोरणाच्या अंमलबजावणीची वाट पाहत बसू शकत नाही. चार बोलींच्या वर्गात कोणतेही धोरण आपोआप पोचत नाही. तेथे माणसालाच पोचावे लागते.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत गुरुशिष्यांच्या संबंधास व्याकरणातील संधीची उपमा दिली आहे. आचार्य हे पहिले रूप, शिष्य हे नंतरचे, विद्या हा त्यांचा सांधा आणि प्रवचन हे सांधण्याचे साधन, असा तिचा आशय. या उपमेतून आम्हांस एक गोष्ट सुचते. संधी होताना पुष्कळदा दोन्ही वर्ण आपले मूळ रूप सोडतात. अ आणि इ मिळून ए होतो. अध्यापक जसाच्या तसा राहिला आणि केवळ विद्यार्थी बदलावा अशी अपेक्षा ठेवली, तर वर्ण शेजारी-शेजारी उभे राहतील, संधी होणार नाही. छात्राध्यापकाला याचे भय वाटण्याचे कारण नाही. त्याचे रूप अजून पक्के झालेले नसते, म्हणून त्याच्याकडून संधी लवकर होण्याचा संभव असतो. अननुभव हे त्याचे न्यून आहे तसेच ते त्याचे भांडवलही आहे.

जे त्याची परीक्षा घेतात त्यांनाही येथे दोन शब्द सुचवावेसे वाटतात. निरीक्षकांची खुर्ची वर्गाच्या मागे असते. ती फळ्याच्या बाजूस, मुलांचे चेहरे दिसतील अशी ठेवावी. अध्यापकाचे बोलणे कानांनी ऐकू येतेच. पाहावयाचे असतात ते ऐकणारे. पाठ संपल्यावर तीन मुलांना, त्यांना हव्या त्या बोलीत, आज काय कळले ते सांगावयास लावावे आणि शेरा त्यानंतर लिहावा. आणि जो पाठ फसला तो छात्राध्यापकाने त्याच वर्गात पुन्हा घ्यावा अशी प्रथा पाडावी. आज फसलेल्या पाठाची नोंद गुणपत्रिकेत होते. मुलांच्या डोक्यात राहिलेल्या पोकळीची नोंद कोठेच होत नाही. ज्यांच्या वेळेवर आपण शिकलो त्यांचा वेळ परत करणे ही दया नव्हे, देण्याची फेड आहे.

२००१ च्या जनगणनेत दादरा व नगर हवेलीची साक्षरता सुमारे ५८ टक्के होती. २०११ मध्ये ती ७६ टक्क्यांवर गेली. ही प्रगती थोडी नाही, आणि तीमागे शेकडो अध्यापकांचे श्रम आहेत. पण साक्षरतेचा आकडा अक्षरे ओळखणाऱ्यांचा असतो. ज्यांना वर्गात कोणी ऐकून घेतले त्यांची गणना करण्याची रीत अद्याप निघालेली नाही. ती ज्या त्या अध्यापकाने आपल्या मनाशीच करावयाची आहे.

आपला धर्म सांगतो की मनुष्य तीन ऋणे घेऊन जन्मास येतो: देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. त्यांतील ऋषिऋण विद्येच्या अध्ययनाने आणि ती पुढे दिल्याने फिटते. परंतु कोणतेही ऋण फिटले हे देणाऱ्याने म्हणावयाचे नसते, ते घेणाऱ्याला पोचावे लागते. पैसे खिशातून काढले एवढ्याने कर्ज फिटत नाही. सावकाराच्या हाती पडून पावती झाली म्हणजे फिटते. विद्येच्या बाबतीत ती पावती मूल देते, आणि ती लेखी नसते. खानवेलच्या बाजूच्या एखाद्या शाळेत, बोलताना अडखळणारी एखादी मुलगी आपल्या मोडक्या-तोडक्या वाक्यात, पाणी कोठे गेले ते आपले आपण सांगते, आणि तिला कोणी हसत नाही. त्या दिवशी तिच्या अध्यापकाच्या ऋणातला एक हप्ता फिटलेला असतो. उरलेले हप्ते पुष्कळ असतात आणि आयुष्य त्यासाठीच असते.